पहिली पायी वारी पूर्ण करायची असेल तर तयारी कशी करायची (आणि असं कुठलंही मोठं ठरवलेलं काम तडीस कसं न्यायचं)

"पुढच्या वर्षी नक्की" हे वाक्य मी सहा वर्षं म्हटलं. सातव्या वर्षी खरंच निघाले, आळंदीहून पुणे, पुण्याहून दिवेघाट चढून सासवड, मग जेजुरी, आणि वाल्ह्यात तंबूत रात्री मोजे काढले तर दोन्ही टाचांची सालं मोज्याबरोबर निघाली, गुडघा सुजलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी नीरेकडे निघाली आणि मी पुण्याच्या एसटीत बसले. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षी आळंदी ते पंढरपूर सगळं चालले, एकही टप्पा गाडीत न बसता. तेच पाय, तोच गुडघा, वय एक वर्षाने जास्तच. मधे काय बदललं ते सविस्तर लिहितेय, कारण दरवर्षी जानेवारीत कोणी ना कोणी विचारतं की गं कसं केलंस.

आधी एक सांगते. माझ्यासाठी वारी ही भक्तीची गोष्ट आहे आणि तिला "टार्गेट" म्हणताना मलाही बरं वाटत नाही. पण पहिल्या वर्षी मी भक्तीच्या भरवशावर तयारी टाळली, हे कबूल करायला हवं. माउली नेतील म्हणाले आणि चालायचा सराव शून्य. पिढ्यानपिढ्या वारी करणारे शेतकरी वर्षभर रानात चालत असतात हो, त्यांची तयारी त्यांच्या कामातच झालेली असते. आपण लिफ्टने खाली उतरून गाडीत बसणारी माणसं, आपल्याला ती वेगळी करावी लागते.

तर पहिलं काम म्हणजे कागद घ्या आणि नेमकं काय करायचंय ते एका वाक्यात लिहा. माझ्या आधीच्या वहीत "फिट व्हायचंय, वारी करायचीय" असं होतं. त्याने काहीच होत नाही, कारण उद्या सकाळी उठून काय करायचं ते त्यात नाहीच. दुसऱ्या वर्षीचं वाक्य होतं, "ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघून आषाढी एकादशीच्या आत पंढरपुरात पायी पोचायचं, दिंडीबरोबर, आणि घरी परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात कामावर जाता येईल अशा तब्येतीत." शेवटचा तुकडा मुद्दाम घातला होता. पाय मोडून पोचले तर ते मला नको होतं. तुम्हाला काय नकोय तेही वाक्यात घाला, पुढे निर्णय घेताना फार उपयोगी पडतं.

त्याखाली अजून एक ओळ, "का". ही दुसऱ्याला दाखवायची नाही, त्यामुळे खरी लिहा. फोटो टाकायचेत म्हणून असेल तर तसं लिहा, मग ते कारण पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठवण्याइतकं मोठं आहे का ते तुमचं तुम्हाला कळेल. माझं कारण मी इथे लिहीत नाही, पण ते वाचून मी खरंच उठायचे. आणि कारणच सापडत नसेल तर यंदा सोडून द्या, एक दिवस पालखीबरोबर चाला, तेही मस्त आहे. उगीच दुसऱ्याची हौस आपल्या गळ्यात घालून घेऊ नका.

तारखेपासून उलटं मोजायचं

वारीचा एक मोठा फायदा म्हणजे तारीख आपल्या हातात नाही. तिथी पंचांगाची. 2025 मध्ये आषाढी 6 जुलैला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आला म्हणून ती 25 जुलैवर गेली. पालखी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि म्हणूनच "बघू, सोमवारपासून" चालत नाही. तुमचं ध्येय वेगळं असेल आणि त्याला अशी बाहेरून आलेली तारीख नसेल तर ती लावून घ्या, परीक्षेचा फॉर्म भरा, स्पर्धेची फी भरा, कोणाला तरी शब्द द्या. मनातली तारीख सरकते, माझी सहा वर्षं सरकली.

मी काय केलं, भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रस्थानाच्या दिवसाला लाल गोल केला आणि तिथून मागे मागे आले. शेवटचे दहा दिवस हलकं चालणं. त्याच्या आधीचा महिना लांबचं चालणं. त्याच्या आधी दोन महिने हळूहळू वाढ. आणि सुरुवातीचा महिना फक्त सवय लावायला. म्हणजे साडेचार महिने झाले, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला पहिलं पाऊल. ही गणितं केली तेव्हा कळलं की आदल्या वर्षी मी मे महिन्याच्या शेवटी बूट घेऊन काय करत होते.

मुक्काम हीच योजना

आता ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, इथे जरा थांबते. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. हा आकडा डोक्यात घेऊन कोणीच चालू शकत नाही. पण पालखीचं वेळापत्रक हातात घेऊन बघा, त्यात अडीचशे कुठेच नाही. त्यात मुक्काम आहेत आणि दोन मुक्कामांच्या मधे विसावे आहेत. पुणे ते सासवड सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटर आणि वर दिवेघाट, पण त्याच्या आधी पुण्यात जास्तीचा मुक्काम असतो. लोणंद ते तरडगाव अगदी छोटा टप्पा, आठेक किलोमीटर, कारण त्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण असतं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा घोडा धावतो. मग फलटण, बरड, नातेपुते असे वीसच्या आसपासचे. म्हणजे आराम, मग अवघड, मग सोपं, मधे आनंदाचा दिवस, मग परत नेटाने. माउलींचे भक्त हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त दिली असं मानतात, आणि इतकी वर्षं लाखो लोकांचे पाय ज्या रचनेवर पोचतात त्या रचनेपेक्षा चांगलं प्लॅनिंग मला कुठल्या ॲपमध्ये सापडलं नाही.

मी माझ्या साडेचार महिन्यांना तसेच मुक्काम लावले. पहिला मुक्काम, आठवड्यात पाच दिवस तीन किलोमीटर, बाकी काही नाही. दुसरा, रोजचे पाच आणि रविवारी आठ. तिसरा, रविवारी बारा. चौथा, सिंहगड आतकरवाडीकडून चढून उतरणे, घाटाची सवय म्हणून. पाचवा, रविवारी अठरा. सहावा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा, शनिवारी पंधरा आणि लगेच रविवारी अठरा, कारण वारीत एक दिवस लांब चालणं अवघड नसतं, दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी परत उभं राहणं अवघड असतं. तो सराव आधीच घरी झालेला हवा. एका आठवड्यात एकदम फार वाढवायचं नाही, दहाचे अकरा करा, दहाचे पंधरा नको.

आणि दर मुक्कामाला काहीतरी छान ठेवा. आमच्याकडे बारा किलोमीटर झाले त्या रविवारी मी घरात स्वयंपाक केला नाही, सगळ्यांनी मिळून बाहेर मिसळ खाल्ली. रिंगण म्हणजे तेच असतं ना, चालून चालून थकलेले लोक तिथे घोड्यामागे धावतात, फुगड्या घालतात.

चौथ्या आठवड्यात मला ताप आला आणि नऊ दिवस खंड पडला. हे तुमच्याही बाबतीत होणार, तापाने नाही तर पाहुण्यांनी, मार्च एंडने, मुलांच्या परीक्षेने. इथे लोक दोन चुका करतात, एक म्हणजे गेलं सगळं म्हणून सोडून देतात, नाहीतर बुडालेलं भरून काढायला दुप्पट चालतात आणि पाय दुखावतात. मी एक नियम केला होता की खंड पडला तर एक मुक्काम मागे जायचं आणि तिथून पुढे. बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत, ते गेले. साडेचार महिन्यांत असे दोन-तीन खंड मावतील एवढी ढील आधीच ठेवली होती, तुम्हीही ठेवा.

रोजचा हिशोब

पालखी तळावर संध्याकाळी समाजआरती होते. पहिल्यांदा बघितली तेव्हा अंगावर काटा आला होता. हजारो लोक, टाळ-मृदंगाचा एवढा गजर, आणि सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड वर केला की एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग त्यांचं काय ते ऐकून घेतात, निकाल लावतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि मगच आरती.

मी हे घरी उचललं. रात्री झोपायच्या आधी कालनिर्णयच्या चौकोनात दोन गोष्टी, आज किती किलोमीटर आणि काय दुखलं. बास. दुखलं नसेल तर रेघ. याचा फायदा असा की सलग तीन दिवस "डावी टाच" लिहिलेलं दिसलं आणि मी बूट बदलले. आदल्या वर्षी तीच टाच वाल्ह्यात फुटली होती. म्हणजे शरीर टाळ वाजवत असतं, आपण ऐकून घ्यायचं आणि त्याच दिवशी सोडवायचं, दुसऱ्या दिवशीवर ढकललं की ते वाढतं. पैशाचं ध्येय असो नाहीतर अभ्यासाचं, रोज दोन मिनिटांचा हा हिशोब आठवड्याच्या लांबलचक आढाव्यापेक्षा जास्त कामाचा, असं माझं पक्कं मत झालंय.

घरच्यांशी बोलणं

याच्यावर कोणी लिहीत नाही पण बायकांचं अर्धं ध्येय इथेच अडतं. नवरा म्हणाला, "अगं, अठरा-वीस दिवस? शाळा उघडायच्या वेळेला?" प्रश्न बरोबर होता, जूनच्या मध्यात शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास प्रस्थान येतं. आदल्या वर्षी मी यावर चिडले होते आणि सगळं सोडून निघाले होते, त्यामुळे चालताना निम्मं लक्ष घरी. यावेळी फेब्रुवारीतच बसून यादी केली, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, डबा कोण करणार, वह्या-युनिफॉर्म मे महिन्यातच आणायचे. सासूबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "जा तू. पण या वेळी अर्ध्यातून येऊ नकोस, मी पांडुरंगाला सांगून ठेवलंय." त्यांनी असं सांगून ठेवलेलं असणं हे फार मोठं बळ होतं.

रजेचा अर्ज जानेवारीत दिला. पैसेही तसेच, दिंडीची भिशी (म्हणजे दिंडीला द्यायची वर्गणी), बूट, औषधं, परतीचा प्रवास हे सगळं जोडून पाच महिन्यांनी भागलं आणि तेवढे दर महिन्याला बाजूला. भिशी दिंडीप्रमाणे वेगळी असते, देताना त्यात जेवण, तंबू, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर यातलं काय काय धरलंय ते स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका.

दिंडी शोधताना ओळखीतून जा. गावाकडचं कोणी जात असेल तर उत्तम, नाहीतर जवळच्या विठ्ठल मंदिरात भजनी मंडळाला विचारा. एकट्याने वाटेत मिसळूनही लोक चालतात पण पहिल्या वेळी तसं करू नका. दिंडीत तुमची वाट बघणारं कोणीतरी असतं, जेवायला बसताना तुम्ही दिसला नाहीत तर विचारतात, आणि मी सोडून द्यायच्या टोकाला आले होते त्या दिवशी मला याच गोष्टीने थांबवलं.

पाय आणि पिशवी

बूट नवे नकोत. निदान दोन महिने वापरलेले, बोटांपुढे थोडी जागा असलेले, कारण चालून पाय फुगतात. सोबत पट्ट्याच्या सँडल, पावसात बूट भिजले की त्याच कामी येतात. मोज्यांच्या चार जोड्या, ओला मोजा घालून चालायचं नाही म्हणजे नाही. वारीला निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं कापा. सकाळी टाचा, बोटांच्या मधे आणि मांड्यांना व्हॅसलिन, मांड्या घासून जे सोलवटतं ते फोडांपेक्षा वाईट असतं आणि कोणी बोलत नाही. कुठे गरम गरम चुरचुरायला लागलं की तिथेच बसा आणि कागदी चिकटपट्टी लावा, मेडिकलवाल्याकडे मायक्रोपोर मागा. फोड यायच्या आधीची ती दहा मिनिटं पुढचे दहा दिवस वाचवतात. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि रोज रात्री बॅटरी लावून तळपाय बघा, कारण साखरेमुळे जखम झालेली कळतच नाही कधीकधी.

खांद्यावरची पिशवी हलकी, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, शेंगदाणे-गूळ, रेनकोट, रोजच्या गोळ्या, थोडे सुटे पैसे, चार्ज केलेली पॉवर बँक, आणि गळ्यात नाव, घरचा नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये. बाकी सगळं ट्रकमध्ये. ट्रकमधल्या बॅगेवर मोठ्या अक्षरात नाव आणि लांबून ओळखू येईल असं रंगीत फडकं बांधा, अंधारात शेकडो बॅगांतून आपली शोधायची असते.

बायकांसाठी, शौचालयाची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे पण पहाटे गर्दी होते, तीन-साडेतीनला उठलात तर अंघोळ आणि बाकी सगळं निवांत होतं. त्यासाठी घरी शेवटचे पंधरा दिवस तरी लवकर झोपून लवकर उठायचा सराव करा. पाणी कमी प्यायचं हा उपाय अजिबात करू नका, चक्कर येऊन पडलेल्या बायका मी पाहिल्यात. पाळी आली तर दिंडीतल्या एखाद्या मोठ्या बाईला सांगा, त्या सगळं सांभाळून घेतात.

एक गोष्ट सरावात कळत नाही. पालखीबरोबरचं चालणं मोकळ्या रस्त्यावरच्या चालण्यासारखं नसतं. गर्दीत थांबायचं, चार पावलं टाकायची, परत थांबायचं. एवढ्याने पाठ आणि पोटऱ्या जास्त दमतात. म्हणून रविवारी एखाद्या वेळी मुद्दाम बाजारातून, गर्दीतून, सावकाश तीन-चार तास फिरून बघा.

प्रत्यक्ष वाटेवर

दुसऱ्या वर्षी वाल्हं आलं तेव्हा मला धडधडायला लागलं होतं. पाय ठीक होते पण मनात सारखं, इथूनच परत गेले होते, अजून नीरा, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, किती राहिलं. दिंडीत परभणीकडच्या एक मावशी होत्या, त्यांच्या किती वाऱ्या झाल्या ते त्या मोजत नाहीत, डोक्यावर तुळस घेऊन चालायच्या. त्यांना म्हटलं, मावशी, पंढरपूर फार लांब आहे हो. त्या म्हणाल्या, "पंढरपूर कशाला बघायलीस बाई, इसावा बघ की." आणि खरंच तेवढंच केलं मी पुढे, पुढचा विसावा कुठे ते विचारायचं आणि तिथपर्यंत चालायचं. नीरेत पादुकांना स्नान घातलं ते पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मी गेल्या वर्षीच्या पुढे आलेय. रडले तिथे, आणि कोणी विचारलंही नाही का रडतेस, एका आजीने फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

थांबायचं कधी हेही आधीच लिहून ठेवा, घरी, शांत डोक्याने. माझ्या कागदावर होतं, छातीत दुखलं, ताप चढला, किंवा पाय टेकताच तीव्र कळ येऊन लंगडावं लागलं तर त्याच क्षणी वैद्यकीय पथकाकडे जायचं आणि ते सांगतील ते ऐकायचं. नुसतं अंग दुखतंय, कंटाळा आलाय, रडू येतंय, यासाठी एक रात्र झोपून सकाळी ठरवायचं. संध्याकाळी दमलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय मानायचा नाही. बरडच्या मुक्कामी मी बॅग भरली होती. सकाळी टाळ वाजले आणि परत सोडली. (एक टप्पा गाडीत बसावं लागलं तर वारी मोडत नाही, हेही ठेवा लक्षात. फक्त ते गरज म्हणून असावं.)

हीच पद्धत माझ्या नणंदेने अभ्यासाला लावली. बारावीनंतर एकवीस वर्षांनी मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं आणि एका युनिटला एक मुक्काम केला, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज पानांचा आकडा आणि "काय कळलं नाही" एवढंच लिहायची. कळलं नाही ते रविवारी भाचीला विचारायची. मधे सासऱ्यांचं आजारपण आलं, एक मुक्काम मागे गेली, एक विषय पुढच्या वर्षी दिला. झाली पदवीधर.

अजून एक, पोचल्यानंतरचं. वाखरीहून पंढरपूर अगदी थोडं अंतर राहतं आणि त्या दिवशी पाय आपोआप पळतात. कळस दिसला, चंद्रभागेत पाय बुडवले, गर्दीमुळे मी मुखदर्शनच घेतलं, तेही पुरेसं होतं. पण घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फार पोकळ वाटतं, याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. साडेतीनला जाग यायची, अंधारात उठून बसायचे, आणि कुठेही चालायचं नसायचं. साडेपाच महिने ज्या गोष्टीभोवती सगळं बांधलेलं ती झालेली असते. आठवडाभर तसंच जाऊ द्या, पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवा, झोपा, दिंडीतल्या लोकांना फोन करा.

मग मी वहीचं नवीन पान काढलं. मला पोहता येत नाही, चंद्रभागेत कमरेपर्यंतसुद्धा उतरायला घाबरले होते. तर पहिला मुक्काम लिहिलाय, उथळ बाजूला कठडा धरून तोंड पाण्यात बुडवून दहा आकडे मोजणे. काल चार झाले.